म्हैस दिसली की मिरची

माझ्या स्वप्नात म्हैस येते ही बातमी गल्लीत कोणी पसरवली, याचा शोध मी अजून घेतो आहे. संशय बायकोवर आहे. पण तेव्हा तिला विचारायची हिंमत नव्हती आणि आता विचारून उपयोग नाही. एवढं खरं, की एका सकाळी मी कचेरीला निघालो तेव्हा गल्लीतला जो तो माझ्याकडे नवरदेवाकडे बघावं तसा बघत होता, आणि बबनरावांनी तर सायकल आडवी घालून विचारलं, "जानराव, मैस डाव्या अंगानं आली का उजव्या?"

बबनराव मटका खेळत. आमच्या वाशीमात त्या काळी कुणाच्या घरी पाळणा हलला तरी लोक आधी आकडा काढत आणि मग पेढे मागत. मी म्हणालो, डाव्या. आकडा लागला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालो, उजव्या. तोही लागला नाही. तेव्हापासून बबनरावांनी माझ्याशी बोलणं टाकलं. एका सरळमार्गी नोकरदार माणसावर म्हशीपायी खोटेपणाचा आळ यावा, याचं मला फार वाईट वाटलं. पण ही नुसती सुरुवात होती.

खरं म्हणजे त्या स्वप्नात म्हैस महत्त्वाची नव्हतीच. महत्त्वाचे होते बाबा.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. हे स्वप्न मला दुपारीच पडे. रात्री मला स्वप्नं पडत नाहीत. रात्री मी झोपतो. कचेरी घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दुपारी घरी येऊन भाकरी खायची आणि जमिनीवर सतरंजी टाकून जरा डोळा लावायचा, असा माझा नेम. डोळा लागला की बाबा आमच्या गावाहून, अनसिंगहून येत. एक गुडघा उभा धरून आमच्या सैपाकघरात बसत, पागोटं काढून त्या गुडघ्यावर ठेवत, तोंडावरून हात फिरवत आणि म्हणत, "जानराव, तुले एक गोठ सांगाची हाये." आणि नेमकी त्याच वेळी दारातून म्हैस आत येई. मग घरात म्हैस शिरल्यावर माणूस काय करतो? हाकलतो. मी तिला हाकलत हाकलत कधी एस.टी. स्टँडपर्यंत, कधी कोर्टापर्यंत, एकदा तर थेट रेल्वेच्या फलाटावर गेलो. आणि परत येतो तर जाग आलेली. बाबांची गोष्ट राहून जाई.

तुम्ही म्हणाल, मेलेला माणूस समोर बसलाय, यावरूनच कळायला नको का की हे स्वप्न आहे? कळायला पाहिजे. पण तुम्हीच सांगा, तुमच्या स्वप्नात तुम्हाला कधी कळलं? बाबांना पाहून माझ्या मनात एवढंच येई, की आज अनसिंगची गाडी वेळेवर आली वाटतं.

दिवसेंदिवस मला त्या राहिलेल्या गोष्टीनं पोखरलं. जेवताना वाटे, काय सांगायचं असेल? सही करताना वाटे, काय सांगायचं असेल? माझे बाबा जिवंतपणी फार बोलणारे नव्हते. अशा माणसाला मेल्यावर बोलावंसं वाटतंय, म्हणजे काहीतरी तसंच असणार.

शेजारच्या केशरबाईंना मात्र काहीच कोडं नव्हतं. त्या भिंतीपलीकडून पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अवं, त्याईचा जीव अटकून राह्यला असन. पित्तर घाला. खीर-वडे करा, कावळ्याले घास ठिवा, होतीन मोकळे."

"केशरबाई, आमच्यात पित्तर नसते," मी म्हणालो.

"पित्तर नसते, त मंग सपनात कायले येते?"

प्रश्न बिनतोड होता. पण माझी अडचण त्यांना कशी समजावी? बाबा छप्पन साली नागपूरला जाऊन आले आणि आल्या आल्या घरातला देव्हारा टोपलीत भरून नाल्यावर गेले. येताना टोपली तेवढी परत आणली, कारण टोपली नवी होती. त्या दिवसापासून घरात अंगारा बंद, धुपारा बंद, कावळ्याचा घास बंद. अशा माणसाच्या नावानं मी कावळ्याला खीर दाखवली असती, तर पुढच्या दुपारी त्यांनी म्हशीची वाट न पाहता स्वप्नातच माझ्या कानाखाली दिली असती. नाही, जे काही करायचं ते शास्त्रीय रीतीनंच करायला हवं होतं.

आणि शास्त्र मला सापडलं वाचनालयात, एका हिंदी मासिकात. परदेशातल्या विद्वानांनी स्वप्नात जागं होण्याची युक्ती काढली आहे, असा मोठा लेख होता. म्हणे प्रत्येकाच्या स्वप्नात एखादी खूण पुन्हा पुन्हा येते. ती आपली आपण ओळखायची. मग जागेपणी ती वस्तू दिसली, की दर वेळी थांबायचं, स्वतःला विचारायचं, 'मी जागा आहे का झोपेत?' आणि परीक्षा करून पाहायची. ही सवय हाडात मुरली, की माणूस स्वप्नातही खूण दिसताच तेच विचारतो आणि त्याला कळतं, अरे, हे तर स्वप्न! मग तिथं त्याचंच राज्य. हवं त्याच्याशी बोलावं, हवं ते विचारावं, वाटलं तर उडावं. मी उडालोच. खूण माझ्याजवळ चार पायांची तयार होती.

परीक्षा कशी करायची, ते पुढच्या पानावर होतं; आणि पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं, कारण त्याच्या पाठीला स्वेटरची वीण छापलेली होती. वाशीमच्या उन्हात स्वेटर कोण विणतंय, हे मी ग्रंथपालांना विचारायला गेलो, तर त्यांनी पान मीच फाडलं असं गृहीत धरलं आणि माझ्याकडून लिहून घेतलं, की मी यापुढे वाचनालयातली पानं फाडणार नाही. मी सही केली. शास्त्रासाठी पूर्वी लोकांनी याहून जास्त सोसलं आहे.

राहिलेली जागा भरली मोहनसिंगनं. मोहनसिंग आमच्या समोरच राहायचा. केनवडच्या रस्त्यावर एस.टी. चालवायचा आणि त्यामुळे त्याला जगातलं सगळं माहीत होतं. मी म्हणालो, परीक्षेला चिमटा काढून पाहावा.

"चिमटा बेकार," तो म्हणाला. "सपनात चिमटाबी लागते. मले एकडाव सपनात डेपोच्या सायबानं झापड मारली, त सकाळी गाल दुखून राह्यला होता. पण तिखट लागत नाई. आमच्या तांड्यावरचे बुढे मानसं सांगते, सपनात कितीबी मिरच्या खा, गवत खाल्ल्यासारखं वाटते."

"तू खाऊन पायली का?"

"मी कायले खाऊ? मायी ड्युटी सकाळची असते."

मला ते पटलं. आता विचार केला तर का पटलं ते सांगता येत नाही. पण मोहनसिंग बोलायचा तेव्हा गिअर टाकल्यासारखा हात करून बोलायचा, आणि ऐकणाऱ्याला गाडी पुढे चालली आहे असंच वाटे.

दुसऱ्या दिवसापासून मी सदऱ्याच्या खिशात वाळलेल्या लाल मिरच्या घेऊन निघालो. म्हैस दिसली की थांबायचं, मनाशी म्हणायचं, 'जानराव, जागा हायेस का झोपेत?' आणि मिरचीचं टोक तोडून चावायचं. तिखट लागलं तर जागा. गवतासारखं लागलं तर स्वप्न. योजना सुरेख होती. तिच्यात दोष एवढाच, की ती वाशीमात करायची होती. ज्या विद्वानांनी ही युक्ती काढली, त्यांच्या गावात म्हशी कमी असाव्यात. आमच्याकडे गल्लीच्या तोंडाशी म्हैस, हॉटेलामागे म्हैस, शाळेच्या फाटकात म्हैस. आणि तळ्यावर तर दुपारी पाण्यापेक्षा म्हशीच जास्त. बाजाराला जाताना तळ्याकाठचा रस्ता मी सोडला आणि लांबून जाऊ लागलो, तर त्या वाटेवर गवळ्यांची वस्ती निघाली.

त्यात माझी कचेरी. तिचं नाव सांगत नाही. माझी पेन्शन अजून तिथूनच येते. पण माझं टेबल ज्या खिडकीशी होतं, त्या खिडकीच्या पलीकडेच कोंडवाडा होता. गावात मोकाट फिरणारी, कुणाच्या पिकात शिरलेली जनावरं तिथं आणून डांबत आणि मालकानं दंड भरला की सोडत. म्हणजे मान वर केली की म्हैस. मी मान खाली घालून काम करू लागलो. साहेब खूश झाले. ते आणीबाणीचं साल होतं. मान खाली घालून काम करणाऱ्या माणसाकडे तेव्हा सगळेच कौतुकानं बघत.

एकदा बैठक चालू होती. साहेब देशाच्या नव्या शिस्तीवर बोलत होते. तेवढ्यात खिडकीतून एका म्हशीनं आत डोकावलं. नियम म्हणजे नियम. मी रुमालाआड मिरची चावली आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. साहेब बोलता बोलता थांबले. मग जड आवाजात म्हणाले, "बघा. याला म्हणतात देशाबद्दलची कळकळ." त्यानंतर बरेच दिवस कचेरीतले लोक माझ्यासमोर जपून बोलू लागले.

देशाचं राहू द्या, माझ्या पोटात कळकळ सुरू झाली होती. रात्र रात्र जळजळ. ताकानं भागेना, दुधानं भागेना. आणि इतकं सोसूनही दुपारच्या स्वप्नात मी म्हैस दिसताच पूर्वीसारखाच काठी घेऊन धावत होतो. मिरचीची आठवण व्हायची ती जागं झाल्यावर. माझी बायको भागिरथा हे सगळं पाहत होती. ती एक दिवस म्हणाली, "बाबाईले काय पायजे ते पायजे, तुमच्या पोटाले दही पायजे. सोडा ना हे."

"बाबाले काईतरी सांगाचं हाये, भागिरथा."

"मालूम हाये मले," ती म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं. बायको गप्प बसली म्हणजे पटलं, असं समजायचं माझं वय होतं.

प्रत्यक्षात तिनं काय केलं, ते मला फार उशिरा कळलं. बायकांना मिरचीतल्या जाती कळतात. पुरुषाला मिरची म्हटली की मिरची. भागिरथेनं माझ्या खिशातल्या मिरच्या काढून घेतल्या आणि तिथं रंगाच्या मिरच्या ठेवल्या. दिसायला तशाच लालभडक, लांब, सुरकुतलेल्या. कालवणाला रंग यावा म्हणून घालतात त्या. चवीला म्हणाल, तर गवत.

त्याच सुमारास कोंडवाड्यात एक विशेष म्हैस आली. तिचा गुन्हा साधा नव्हता. कचेरीच्या आवारात एका मोठ्या पाहुण्यांनी टाळ्यांच्या गजरात गुलमोहराचं रोप लावलं होतं. फोटो निघाले होते, भाषणं झाली होती. या म्हशीनं ते रोप मुळासकट खाल्लं आणि वर तिथंच रवंथ करत बसली. साहेब हादरले. त्यांनी हुकूम काढला, की ही म्हैस त्यांच्या सहीशिवाय सोडायची नाही. तिची कागदोपत्री नोंद 'मुद्देमाल' अशी झाली. मीच केली.

भागिरथेनं मिरच्या बदलल्या त्या दिवशी मी मान खाली घालूनच कचेरीत आलो होतो, एकही चावली नव्हती. दुपारी कोंडवाड्याचा शिपाई रामधन किल्ली माझ्या टेबलावर ठेवून जेवायला गेला. कचेरीत सामसूम होती. घरी भाकरीला निघण्याआधी मी हात धुवायला मागच्या अंगाला गेलो आणि पाहतो तर कोंडवाड्याच्या फाटकाशी, लिंबाच्या सावलीत, एक म्हातारा बसला होता. एक गुडघा उभा. पागोटं काढून त्या गुडघ्यावर ठेवलेलं. तोंडावरून हात फिरवत होता. आणि त्याच्या मागे, फाटकाच्या गजातून, म्हैस माझ्याकडे बघत होती.

मी जागच्या जागी उभा राहिलो. हात आपोआप खिशात गेला. मिरची चावली.

काही नाही.

सगळीच्या सगळी चावली. काही नाही! दुसरी काढून बियांसकट चघळली. गवत! निव्वळ गवत! इतक्या दिवसांची तपश्चर्या फळाला आली होती. मी झोपलो होतो, आणि मला ठाऊक होतं की मी झोपलो आहे. मी धावत गेलो आणि त्या म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले.

"बाबा," मी म्हणालो, "आता मी कुठीच जात नाई. मैस येवो नाई तर रेडा येवो. बोला तुमी."

म्हातारा घाबरून अर्धवट उठला. मी त्याला खाली बसवलं आणि समोर मातीत मांडी घातली. चेहरा बाबांचा नव्हता. पण स्वप्नात माणसं चेहरे बदलून येतात, हे लेखात होतं.

"सांगा ना, बाबा. काय पायजे तुमाले?"

म्हाताऱ्यानं इकडे-तिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मैस पायजे, सायेब."

मला गहिवरून आलं. दोन वर्षं हा माणूस म्हैस मागत होता आणि मी तीच म्हैस दोन वर्षं हाकलत होतो! आता सगळं लख्ख झालं. मी किल्ली आणली, फाटक उघडलं, म्हशीचं दावं म्हाताऱ्याच्या हातात दिलं.

"सायेब, पावती?" तो म्हणाला.

"बाबा, सपनात कायची आली पावती?"

तो माझ्याकडे बघतच मागे मागे सरकत गेला, आणि फाटकाबाहेर पडल्यावर मात्र त्या वयाला न शोभेल अशा वेगानं दिसेनासा झाला. मी आनंदात न्हाऊन निघालो होतो. बाबांचं मागणं पुरं झालं. आता स्वप्नात वेळ उरला होता. उडायचं तेवढं राहिलं होतं. मी कोंडवाड्याच्या भिंतीवर चढलो, दोन्ही हात पसरले आणि उडी घेतली.

जनावरांना पाणी पाजायचा हौद भिंतीला लागूनच असतो. त्यात पाणी कमी होतं आणि इतर द्रव्यं जास्त होती. गुडघा हौदाच्या काठावर आपटला तेव्हा जी कळ आली, तिच्यापुढे जगातली कुठलीही लवंगी मिरची फिकी पडली असती. मी मान वर केली. हौदाच्या काठाशी साहेब उभे होते. साहेब नाशिककडचे, फार शुद्ध बोलत.

"जानराव," ते म्हणाले, "मुद्देमाल कुठे आहे?"

संध्याकाळपर्यंत माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस होती. आपण मुद्देमाल कोणत्या अधिकारात सोडला आणि कार्यालयीन वेळेत हौदात कशासाठी उतरलात, याचा खुलासा करावा. मी रात्रीचं जेवण सोडून खुलासा लिहायला बसलो. खोटं काही सुचेना. म्हैस पळाली म्हणावं, तर कुलूप किल्लीनं उघडलेलं. दोर तुटला म्हणावं, तर दोरही गेलेला. शेवटी खरं तेच लिहिलं: 'सदर वेळी मी स्वप्नात आहे असा माझा प्रामाणिक समज झाला होता.' त्या रात्री भागिरथेनं मिरच्यांचा प्रकार कबूल केला आणि माझा गुडघा शेकता शेकता दोनदा हसली. दुसऱ्यांदा तर तोंडाला पदर लावून. तो गुडघा मला तेवढा दुखला नाही जेवढं ते हसणं लागलं. खिशात जी काही मिरची होती, ती तिनं काढून घेतली.

सकाळी साहेबांनी खुलासा वाचला. पुन्हा वाचला. उठून दार लावलं. मी सामान आवरायच्या मनःस्थितीत होतो.

"हे खरं आहे?"

"हो, साहेब."

"म्हणजे जे गेलेत, त्यांच्याशी बोलता येतं?"

"लेखात तसं होतं, साहेब."

साहेबांनी खिडकीही लावली. "माझी आई येते," ते म्हणाले. "काही बोलत नाही. भाकरी थापत बसलेली असते. मी हाक मारतो, तर वर बघत नाही." मग एकदम त्यांनी कागद टेबलावर आपटला. "ते असो. परवा पाहुणे स्वतःचं झाड बघायला येताहेत. झाड दाखवता येत नाही, तर निदान म्हैस तरी दाखवता आली पाहिजे. म्हैस आणा. नाहीतर मला तुम्हाला निलंबित करावं लागेल, आणि ते मला आवडणार नाही."

म्हैस कुठली, म्हातारा कुठला, मला काय ठाऊक? स्वप्नात कोणी पत्ता विचारतो का? मी केनवडच्या गाडीच्या वेळी मोहनसिंगला गाठलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मिरची मी सांगतली, हे लेखी देल्लं का?" नाही म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला. मग तो म्हणाला, "गुलमोहर खानारी मैस एकच हाये या भागात. सोमलाची. मायी गाडी तांड्यावरूनच जाते. निरोप देतो."

मला भरवसा नव्हता. कोंडवाड्यातून दंड न भरता सुटलेली म्हैस, स्वतःहून कोण परत आणतो? मी नोकरीवर पाणी सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी भाकरीचा तुकडा मोडत बसलो होतो, तोच गल्लीत आरडाओरडा झाला. बाहेर आलो, तर माझ्या दाराला म्हैस बांधलेली आणि ओट्यावर तोच म्हातारा, एक गुडघा उभा धरून बसलेला. तांड्यावरून उन्हातान्हात पायी आला होता. पाहता पाहता केशरबाई, बबनराव, सुटीवर असलेला मोहनसिंग, सगळी गल्ली गोळा झाली. स्वप्नातली म्हैस अंगासह दारात आली, असाच सगळ्यांचा समज झाला होता.

"सोमलाबाबा," मी म्हणालो, "आणली काहून परत?"

"सायेब," तो पागोट्यानं घाम पुसत म्हणाला, "इतकी वर्सं झाली, कचेऱ्याईचे उंबरे झिजवून राह्यलो. कोनी मले 'ए' मंते, कोनी 'बुढ्या' मंते. तुमी 'बाबा' मनलं, हात धरून मातीत बसले. तवाच मी समजलो का या मानसाचं काई ठिकानावर नाई. तुमची नवकरी गेली असती त मले मैशीचं दूध गोड लागलं असतं काय?"

मी म्हशीपुढे पाण्याची बादली ठेवली. भागिरथेनं त्याला आत नेऊन जेवू घातलं. उन्हं उतरल्यावर त्याला आणि म्हशीला घेऊन साहेबांकडे जायचं ठरलं. (पुढचं आताच सांगून टाकतो: पाहुणे आलेच नाहीत. साहेबांनी म्हशीला समज देऊन सोडलं, दंड माफ केला, आणि मला वेगळं बोलावून मिरची नेमकी कोणत्या दुकानातून आणावी ते विचारलं.) तोपर्यंत सोमला ओट्यावर म्हशीजवळ टेकला, आणि मी दोन दिवसांच्या जागरणानं सतरंजीवर पडलो, तो पडलोच.

बाबा आले. बसले. पागोटं गुडघ्यावर ठेवलं. "जानराव, तुले एक गोठ सांगाची हाये." आणि म्हैस दारातून आत आली.

मी काठीला हात घातला. मग वाटलं, थांब. खिशात पाहिलं, मिरची नाही. आता कसं कळणार? मी म्हशीकडे नीट पाहिलं. म्हैस तर मी दाराला बांधली आहे. तिच्याजवळ सोमला बसला आहे. त्याच्या देखत ती सुटून आत कशी येईल? म्हणजे बाहेरची ती खरी. मग ही कोणती?

आणि मला कळलं. विद्वानांच्या लेखात लिहिलं होतं तसंच, झोपेतच लख्ख कळलं, की हे स्वप्न आहे, आणि समोर बसलेले हे बाबा, ते आता नाहीत. उडायचं डोक्यातही आलं नाही. मी काठी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो, अगदी लागून. त्यांच्या सदऱ्याला शेतातल्या धुळीचा वास येत होता.

"बाबा, बोला. काय पायजे तुमाले?"

बाबांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "मले? मले काय पायजे? मले काईच नाई पायजे."

"मंग येता कायले रोज? इतक्या उन्हात?"

"मी कुठी येतो? तूच त बलावतं मले. रोज बलावतं, अन् आलो का उठून पळतं. हेच सांगाचं होतं. बलावतं त बस ना जरासाक."

मी बसलो. म्हैस तिच्या मनानं निघून गेली. आम्ही दोघं काही बोललो नाही. आमच्या घरात तशी बोलायची पद्धत नव्हतीच. पण किती वेळ बसलो होतो म्हणता! भागिरथा चहा घेऊन उठवायला आली, तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती आणि माझी उशी ओली होती.

ओट्यावर गल्ली अजून वाट पाहत होती. मी झोपेत "बाबा, बोला" म्हणून ओरडलो होतो, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. केशरबाईंनी पुढे होऊन विचारलं, "काय मनले? खीर मागतली ना?"

"काई नाई पायजे मनले."

"काईच नाई?" केशरबाईंचा चेहरा उतरला. बबनरावांनी मात्र इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी तोंड उघडलं. "काईच नाई, मंजे पूज्य!" असं ओरडून ते सायकलवर टांग मारून गेले. तो आकडा लागला की नाही, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी सगळी पांगली. भागिरथा चुलीपाशी भाकरी थापत होती. मी शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ बसून राहिलो. मग म्हणालो, "भागिरथा, मले बाबाची लय आठोन येते वो."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मले मालूम हाये. केशरबाईले मालूम हाये. साऱ्या गल्लीले मालूम हाये. तुमालेच तेवढं मालूम नोतं."